बेळगावातून निर्यात: शिपिंग बिलातली माहिती जुळवायची आणि जपायची कशी

उद्यमबागेतले कास्टिंग असो, नाहीतर अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल, गाडी न्हावा शेवा बंदराला लागते तेव्हा सगळ्यात आधी तपासली जाते ती शिपिंग बिलातली, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या अर्जातली, त्या मालाची माहिती. कस्टम्सचा संगणक ती जीएसटीच्या आणि बँकेच्या माहितीशी अक्षर-अक्षर ताडून बघतो. 'अर्थ तोच आहे' हे त्याला समजत नाही. आपल्या भागात तर सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच मालकाचे युनिट असते, त्यामुळे चूक होण्याची जागाही ठरलेली आहे: जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी क्रमांक.

पॅन एक, म्हणून आयईसीही (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) एकच. जीएसटीआयएन मात्र राज्यागणिक वेगळा. बेळगावचा २९ ने सुरू होतो, कोल्हापूर किंवा चंदगडचा २७ ने. बिल बेळगावच्या युनिटने फाडले आणि सीएचएने (कस्टम्सचे काम बघणाऱ्या एजंटने) जुन्या फाइलमधून कोल्हापूरचा क्रमांक उचलला, तर शिपिंग बिल बिनतक्रार दाखल होते, मालही बोटीवर चढतो. चूक उघडी पडते ती आयजीएसटीचा (निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा) परतावा अडकल्यावर, 'एसबी ००३' या, जीएसटीआयएन जुळत नसल्याच्या कोडने. म्हणून प्रत्येक युनिटसाठी सीएचएला वेगळे माहितीपत्रक द्या आणि त्यावर जीएसटीआयएन मोठ्या अक्षरात छापा.

१५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य आणि जिल्हा देणेही बंधनकारक आहे. इथे तुमच्या ऑफिसचा पत्ता चालत नाही, माल जिथे तयार झाला ते ठिकाण लागते. शिरोलीच्या फाउंड्रीतून तयार कास्टिंग विकत घेऊन बेळगावचा व्यापारी निर्यात करत असेल, तर जीएसटीआयएन २९ चा, पण मूळ राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा कोल्हापूर. दोन्ही रकाने वेगवेगळे बोलतात, म्हणून घाबरून एकसारखे करू नका.

पहिल्या खेपेआधीची तयारी थोडक्यात. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी 'बदल नाही' म्हणून खात्री द्यावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. आइसगेटवर (कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर) नोंदणी क्लास ३ डिजिटल सहीने करा. सहीचे प्रमाणपत्र नवे घेतले की ते आइसगेटवर पुन्हा जोडावे लागते. बँकेचा १४ अंकी एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक), ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी मंजूर झाल्याचे डोळ्यांनी पाहून घ्या. न्हावा शेव्याला मंजूर आहे म्हणून मुरगावला चालेल असे गृहीत धरू नका.

आता बिल क्रमांक. 'एसबी ००५' म्हणजे शिपिंग बिलातला बिल क्रमांक आणि जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) मधला क्रमांक जुळत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असते: परदेशी ग्राहकाला पाठवलेल्या बिलाला एक क्रमांक, जीएसटीच्या बिलाला दुसरा, आणि सीएचएने पहिला टाकलेला. दोन्हींना एकच क्रमांक द्या. तो १६ अक्षरांच्या आत हवा. एका ठिकाणी '०१२' आणि दुसऱ्या ठिकाणी '१२' लिहिले तरी जुळणी तुटते.

सीएचए दाखल करण्यापूर्वी चेकलिस्ट पाठवतो. ती व्हॉट्सअॅपवर आली की 'ओके' लिहून मोकळे होणे हीच सगळ्यात महागडी सवय. पंधरा मिनिटे काढून, बिल शेजारी ठेवून वाचा: जीएसटीआयएन, बिल क्रमांक व तारीख, करपात्र रक्कम आणि आयजीएसटी, आठ अंकी एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक), नग मोजण्याचे एकक, बँक खाते. अंगठ्याच्या पट्टीच्या चामडी चपलांसाठी ६४०३ २० हे उपशीर्ष आहे आणि त्या जोडीत मोजतात, किलोत नाही. रोडटेपचा (निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा) लाभ हवा असेल तर मालाच्या प्रत्येक ओळीवर तशी मागणी नोंदलेली हवी. ती राहिली तर नंतर दुरुस्तीसाठी कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज करत बसावे लागते.

कागद ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन देण्याच्या व्यवस्थेवर) चढवताना पीडीएफ १ एमबीच्या आत ठेवा, काळ्या-पांढऱ्यात २०० डीपीआयने स्कॅन करा आणि डिजिटल सही करा. प्रत्येक कागदाला आयआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, मिळतो. तो शिपिंग बिलाशी जोडला नाही तर कागद चढवूनही अधिकाऱ्याला दिसत नाही.

कारखान्यातच कंटेनर भरून सील करत असाल तर आरएफआयडी ई-सील (यंत्राने दुरून वाचता येणारे सील) लागते. सील क्रमांक, सील केल्याची तारीख-वेळ, शिपिंग बिल, कंटेनर आणि ट्रकचा क्रमांक नोंदवावा लागतो. कोगनोळीच्या पुढे गाडी बिघडून ट्रक बदलला तर ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याचा) भाग ब, म्हणजे वाहनाची माहिती, लगेच बदला, आणि सीलच्या नोंदीत जुना ट्रक क्रमांक राहिला आहे हे सीएचएला फोन करून कळवा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे, म्हणजे न्हावा शेव्यापर्यंत साधारण तीन दिवस. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंतच ती वाढवता येते.

माल गेल्यावर परताव्यासाठी वेगळा अर्ज नसतो, शिपिंग बिलच अर्ज. पण दोन गोष्टी झाल्याशिवाय तो हलत नाही: जहाज कंपनीने ईजीएम (निर्यात झालेल्या मालाची यादी) दाखल करणे आणि तुम्ही जीएसटीआर-१ च्या तक्ता ६अ (निर्यातीचा तक्ता) सह जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरणे. ३बीमध्ये निर्यात ३.१(ब) मध्येच दाखवा. ती ३.१(अ) मध्ये गेली की माहिती कस्टम्सकडे जातच नाही. 'एसबी ००२' आला तर ईजीएम दाखलच झालेला नाही, त्यासाठी सीएचएमार्फत जहाज कंपनीच्या मागे लागा. जीएसटीआर-१ मधली चूक तक्ता ९अ मधून सुधारता येते. 'एसबी ०००' दिसला म्हणजे जुळणी पूर्ण झाली. तरीही पैसे आले नाहीत तर खाते पीएफएमएसने (सरकारी पैसे खात्यात जमा करणाऱ्या यंत्रणेने) पडताळले आहे का ते पाहा.

जपणुकीबद्दल बरेच जण निष्काळजी असतात. ज्यांच्या आधारे शिपिंग बिल भरले ते मूळ कागद दाखल केल्यापासून पाच वर्षे ठेवायचे असतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. दोन्ही सांभाळायचे तर लांबची मुदत धरा. सही असलेली पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन करू नका, कारण त्यातली डिजिटल सही निघून जाते आणि उरते ते नुसते चित्र. मूळ फाइल, आयआरएनची यादी, चेकलिस्ट आणि ईजीएम क्रमांक शिपिंग बिलाच्या क्रमांकाच्या एकाच फोल्डरात ठेवा. एक प्रत ऑफिसबाहेरच्या डिस्कवर असू द्या. सगळे सीएचएच्या संगणकावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सीएचए बदलला तरी ऑडिटची नोटीस तुमच्याच नावाने येते.