'वर्क'ला एस कधी लागतो?

'आज बाजारात दोन कामं आहेत' हे इंग्रजीत सांगायचं झालं की जिभेवर आधी 'टू वर्क्स' येतं. घाईत असले की माझ्या तोंडून आजही निसटतं. मराठीत काम मोजता येतं. इंग्रजीतलं 'वर्क' श्रम किंवा नोकरी या अर्थाने असेल तर मोजत नाहीत. त्याच्या आधी 'अ' नको, 'मेनी' नको, क्रियापद एकवचनी: 'मच वर्क', 'द वर्क इज ओव्हर'. 'ॲट वर्क'मध्ये 'द'सुद्धा नको. मोजायचंच असेल तर 'जॉब' किंवा 'टास्क' घ्या. बाजारातल्या कामांना 'आय हॅव टू थिंग्ज टू डू' पुरतं.

इथवर तुम्हाला माहीत असेलच. घात होतो तो पुढे. 'वर्कला एस कधीच लागत नाही' हे आमच्याकडून क्लासमध्ये घोकून घेतलं होतं, आणि परीक्षेतल्या 'चूक ओळखा' प्रश्नात 'वर्क्स' दिसताच मी त्यावर खूण करायचे. तसं अजिबात करू नका. पीडब्ल्यूडीमधला डब्ल्यू 'वर्क्स'चाच आहे. तिथे अर्थ बांधकामं. कलाकृती या अर्थाने तर 'वर्क' सरळ मोजलं जातं: एक चित्र 'अ वर्क ऑफ आर्ट', लेखकाचं समग्र साहित्य 'कलेक्टेड वर्क्स'. कारखाना म्हटलं की एस कायमचाच: एकच पोलाद कारखाना असला तरी 'अ स्टीलवर्क्स'. जोडशब्दांचंही असंच. होमवर्क, हाउसवर्क, पेपरवर्क यांना एस नाही, पण 'नेटवर्क्स' आणि 'फ्रेमवर्क्स' बिनधास्त लिहा.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'अनकाउंटेबल नाउन्स'च्या, म्हणजे न मोजता येणाऱ्या नामांच्या, पीडीएफ मला मनापासून आवडत नाहीत. त्या शब्दावर शिक्का मारतात, अर्थ विचारतच नाहीत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. तिथे नामाच्या अर्थाशेजारी ते मोजतात की नाही हे दिलेलं असतं: केंब्रिजमध्ये यू किंवा सी, ऑक्सफर्डमध्ये पूर्ण 'अनकाउंटेबल' किंवा 'काउंटेबल'. यू म्हणजे न मोजण्याचं, सी म्हणजे मोजण्याचं. चांगले सर मिळाले तर उत्तमच, पण 'कधीच' आणि 'नेहमीच' म्हणणाऱ्या सरांचा नियमही एकदा या कोशात ताडून पाहा.

एवढ्याने घाबरू मात्र नका. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या रायटिंगमध्ये व्याकरण हा चारपैकी एक निकष आहे, एका जादा एसने तुमचा बँड, म्हणजे तिथली श्रेणी, बुडत नाही. 'चूक ओळखा'मध्ये मात्र तो एकच एस अख्खा प्रश्न घालवतो, आणि निगेटिव्ह मार्किंग असेल तर वर आणखी गुण कापले जातात. तिथे 'वर्क्स' दिसलं की आधी बघा: काम, बांधकाम, कलाकृती की कारखाना?