एलानची बॉडी उतरवली तेव्हा

लोटस एलान ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 साली आली. आत कण्यासारखी पोलादी चॅसिस (गाडीचा सांगाडा), वर बोल्टने बसवलेली फायबरग्लासची बॉडी. वायरिंग, स्टिअरिंग कॉलम, ब्रेकचे पाइप सुटे केले, तरी बॉडी हलेना. मागचा एक बोल्ट नुसताच जागच्या जागी फिरत होता. फायबरमध्ये बसवलेली, बोल्ट धरून ठेवणारी धातूची बुशच (छोटी नळी) गंजून सुटली होती. पहार घालायचा मोह झाला, पण आवरला, तेच बरं झालं. बोल्टचं डोकं ड्रिलने उडवलं, दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या आवळल्या (चॅसिसविना बॉडी पिळवटते) आणि चौघांनी ती अलगद उचलली.

चाकाच्या कमानीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. अशा भेगांवर नुसती पुट्टी भरू नका, कृपा करून. त्या पुन्हा वर येतातच. पांढरट पडलेला थर संपून घट्ट फायबर लागेपर्यंत मी घासत गेलो. कडा लांबवर उतरत्या केल्या, मागून काचतंतूंच्या मॅटचे 3 थर रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून लावले, प्रत्येक थरातले बुडबुडे रोलरने काढले. मास्क आणि हातमोजे हवेतच. दुसऱ्या दिवशी टिचकी मारून पाहिली. आवाज टणक आला, कुठेच पोकळ नाही.