छोट्या विमानासाठी ऑक्सिजनची टाकी स्वतः आणि स्वस्तात कशी भरावी

कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. माझं चार सीटचं विमान डेन्व्हरजवळच्या सेंटेनिअल विमानतळावर जिथे उभं असतं ती जमीनच ५,८८५ फुटांवर आहे. पश्चिमेला निघालो की रॉकीज ओलांडायला तेरा-साडेतेरा हजारांवर जावं लागतं, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय माझ्या विमानात नाही. म्हणून मागच्या सीटवर ऑक्सिजनची हिरवी टाकी पट्ट्याने बांधलेली असते.

अमेरिकेतला नियम असा: १२,५०० ते १४,००० फुटांदरम्यान तीस मिनिटांहून जास्त वेळ राहिलात तर त्या जास्तीच्या वेळात वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा. १४,००० च्या वर पूर्ण वेळ. १५,००० च्या वर प्रवाशांनाही द्यायचा. हा झाला कायदा. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) सल्ला याहून कडक आहे, दिवसा १०,००० पासून आणि रात्री ५,००० पासूनच घ्या. डेन्व्हरकरांनी तो शब्दशः पाळला तर रात्री धावपट्टीवर उभं असतानाच नाकात नळी घालावी लागेल. पण रात्री पहिली मंदावते ती नजर, तेव्हा सल्ल्यात तथ्य आहे.

खर्चाचं गणित मला एका प्रवासात कळलं. वाटेतल्या एका विमानतळावर टाकी भरायला दिली. दोन दिवस अडकली, बिल आलं ऐंशी डॉलर, आणि आत गेला होता जेमतेम वीस घनफूट ऑक्सिजन. वेल्डिंगचा गॅस विकणाऱ्या दुकानात मला अडीचशे घनफुटांची मोठी टाकी त्याहून कमी पैशांत भरून मिळते. वायू स्वस्तच असतो. आपण पैसे मोजतो ते भरणाऱ्याच्या अर्ध्या तासाचे आणि त्याच्या विम्याचे. तो अर्धा तास आपला घातला की काम भागतं.

काय काय लागतं

दोन मोठ्या टाक्या (एकीवरही चालतं, पण का नको ते पुढे सांगतो), ऑक्सिजनसाठीच बनवलेली ट्रान्सफिल नळी (मोठ्या टाकीतला वायू छोटीत नेणारी), तिच्यावर प्रेशर गेज, वायू हळू सोडणारा बारीक व्हॉल्व्ह आणि साठलेला दाब काढायचा छोटा व्हॉल्व्ह. मोठ्या टाकीला सीजीए ५४० जोड लागतो (सीजीए म्हणजे वायूच्या जोडांची अमेरिकी मापं). छोट्या वैद्यकीय घडणीच्या टाकीला बहुधा सीजीए ८७० असतो, म्हणजे दोन पिनांचा चिमटा. त्या पिनांच्या जागा ऑक्सिजनपुरत्या ठरलेल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या वायूची टाकी चुकून जोडली जात नाही. नळी कुणाकडून जुनी घेऊ नका आणि हार्डवेअरच्या दुकानातले सुटे भाग जोडून बनवूही नका. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

माझे बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, भिंतीला साखळीने बांधलेल्या या टाक्या बघून म्हणाले, "अरे, हा तर आपला जंबो सिलिंडर!" बरोबर ओळखलं त्यांनी. २०२१ मध्ये महाराष्ट्रात घराघरांत तोंडी झालेला तो सात घनमीटरचा जंबो आणि इथली 'के' मापाची टाकी जवळपास एकच. रंग तेवढा वेगळा.

कोणता ऑक्सिजन मागायचा

हँगरमध्ये चहाच्या कपावर सगळ्यात जास्त वाद याच विषयावर होतो. वेल्डिंगचा, दवाखान्याचा आणि विमानाचा ऑक्सिजन निघतो एकाच ठिकाणाहून: हवा थंड करून द्रवरूप करायची आणि ऑक्सिजन वेगळा काढायचा. फरक पडतो तो तपासणीत. विमानाच्या ऑक्सिजनमधला ओलावा मोजलेला असतो, कारण उंचावर थंडीत तो ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठला तर प्रवाहच बंद पडेल. वेल्डिंगच्या टाकीत आधीच्या गिऱ्हाईकाकडून काय उलटं शिरलं असेल, हाही प्रश्न असतोच. दवाखान्याच्या ऑक्सिजनला इथे डॉक्टरची चिठ्ठी लागते.

वेल्डिंगचा वापरणारे पुष्कळ वैमानिक मला माहीत आहेत आणि ते ठणठणीत आहेत. तरीही मी 'एव्हिएटर्स ब्रीदिंग ऑक्सिजन' असंच सांगून घेतो. मोठ्या टाकीमागे थोडे डॉलर जास्त पडतात, ते दहा-बारा भरण्यांवर विभागले की जाणवत नाहीत. खरी बचत स्वतः भरण्यात आहे.

भरण्याआधी

छोट्या टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचा. ३एए म्हणजे पोलाद, ३एएल म्हणजे ॲल्युमिनियम. दोन्हींची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी लागते आणि तिचा महिना-वर्ष तिथेच कोरलेला असतो. ३एचटी ही हलकी पोलादी जात असेल तर दर तीन वर्षांनी, आणि चोवीस वर्षांनंतर ती टाकी मोडीत. तारीख उलटली असेल तर भरायची नाही, अगदी स्वतःची असली तरी. तिथेच भरण्याचा दाबही दिसेल, २,०१५ किंवा २,२१६ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). तो लक्षात ठेवा.

मग हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन, सनस्क्रीन, ओठांचं मलम, यातलं काहीही हाताला किंवा जोडाला नको. दोन हजार पीएसआयच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा ओशटपणाही पेट घेतो. डोक्याला खोबरेल चोपडून आला असाल तर आज राहू द्या. ग्रीस लागलेला पानाही नको. हँगरचं दार उघडं, आसपास सिगारेट किंवा चालू हीटर नाही, डोळ्यांवर चष्मा.

प्रत्यक्ष भरणं

मोठ्या टाकीचं टोपण ती साखळीने बांधल्यावरच काढा. जोडण्याआधी तिचा व्हॉल्व्ह, तोंड आपल्यापासून दूर ठेवून, क्षणभर किंचित उघडून बंद करा. फुस्स होऊन धूळ उडून जाते. नळी जोडा. आटे नेहमीसारखे उजवे असतात. उलटे आटे दिसले तर ती जळणाऱ्या वायूची टाकी आहे, तिथेच थांबा. छोट्या टाकीच्या चिमट्यात वायसर बघून घ्या. पितळी कड्यातला रबरी वायसर पुन्हा वापरता येतो, प्लॅस्टिकचा एकदाच. गळतोय म्हणून पान्याने आवळत बसू नका, वायसर बदला.

आता छोट्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. गेजवर उरलेला दाब दिसेल. मी दोनशेच्या खाली कधी उतरू देत नाही, रिकाम्या टाकीत ओलावा शिरतो. मग मोठीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. बारीक व्हॉल्व्हने वेग असा ठेवा की काटा मिनिटाला दोनशे पीएसआयहून जास्त चढणार नाही. म्हणजे पूर्ण भरायला नऊ-दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण वायू झपकन दाबला की तापतो आणि अपघात त्या तापण्यातूनच होतात. मी हात छोट्या टाकीवर ठेवून बसतो: कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर व्हॉल्व्ह अजून बारीक.

घाईचा आणखी एक तोटा. तापलेली टाकी २,१०० दाखवते आणि सकाळी विमानात ठेवताना तीच १,९०० वर आलेली असते. म्हणून भरून झाल्यावर निवू द्या आणि मग उरलेलं भरा. कोरलेल्या दाबाला पोहोचलात की थांबा, मोठीत कितीही शिल्लक असो. शेवटी मोठी बंद, छोटी बंद, नळीतला दाब सोडा, मगच जोड काढा. गळती बघायला भांड्याचा साबण नको, त्यात स्निग्धांश असू शकतो. गॅसच्या दुकानात ऑक्सिजनसाठीचा फेस मिळतो.

दोन मोठ्या टाक्या कशाला

माझी छोटी टाकी 'ई' मापाची. आत सुमारे ४.७ लिटर जागा, मोठीत धरा ४४ लिटर. २,२०० वर असलेल्या मोठीतून दोनशेवर आलेली छोटी भरली की दोघी २,००० च्या आसपास येऊन थांबतात. दुसऱ्यांदा १,८३० मिळतात, तिसऱ्यांदा १,६७५, चौथ्यांदा १,५३०. मोठीत अजून सत्तर टक्के ऑक्सिजन आहे आणि तुमची टाकी मात्र अर्धवट भरतेय. इथेच लोक वैतागून मोठी परत देतात.

त्याऐवजी उतरलेली मोठी ठेवून घ्यायची आणि शेजारी एक भरलेली आणायची. समजा उतरलेलीत १,२०० आहेत. आधी तिच्यातून छोटी ११०० पर्यंत भरा, मग भरलेलीला जोडा. छोटी जवळपास २,१०० वर जाते आणि भरलेली मोठीही तेवढ्यावरच राहते. एकटीने भरलं असतं तर ती २,००० वर आली असती. नेहमी कमी दाबाच्या टाकीपासून सुरुवात. उलट केलंत तर चांगल्या टाकीतला ऑक्सिजन जुनीत परत जाईल. दोघींच्या गळ्यात मी पुठ्ठा अडकवला आहे, त्यावर प्रत्येक वेळचा दाब आणि तारीख पेन्सिलने.

कमी वापरणं ही निम्मी बचत

साध्या नळीने दर दहा हजार फुटांना मिनिटाला एक लिटर असा हिशोब धरतात. भरलेल्या 'ई' टाकीत ६८० लिटर. साडेबारा हजारांवर दोघांना ती साडेचार तास पुरते. ऑक्सिजन साठवून ठेवणारी फुगीर मिशीसारखी नळी लावली तर बरीच जास्त टिकते, आणि श्वास घेतानाच झुळूक सोडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्याहून जास्त. यंत्र महाग आहे, पण महिन्यातून दोनदा डोंगर ओलांडत असाल तर घ्याच. नाकातली नळी १८,००० फुटांपर्यंतच, त्यावर मास्क. प्रवाह किती ठेवायचा हे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सांगतो. करोनाच्या वेळी घेतलेला तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून असेलच.

भारतातल्या वाचकांनी मात्र हे घरी करू नये. तिथे गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे दाबाखालचा वायू भरायला परवाना लागतो आणि तो देणारी 'पेसो' ही संस्था नागपूरहूनच चालते. परवानाधारक भरणा केंद्राकडेच जा.

भरलेली टाकी गाडीतून नेताना आडवी, घट्ट बांधून, काच थोडी खाली. उन्हात डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका.