माजघरात पुरेल अशी लेन्स

चिपळूणच्या आसपास मी लग्नं, साखरपुडे, बारशी, मुंजी आणि शिमग्यातल्या पालख्या शूट करतो. हॉलमधली कामं असतातच, पण निम्म्याहून जास्त ऑर्डरी घरातल्या. आणि इकडचं जुनं घर म्हणजे पडवी, ओटी, मग माजघर. माजघराला खिडकी एखादीच, वर कौलं, आणि दहा बाय बाराच्या जागेत तीस-चाळीस माणसं. माझ्याबरोबर कामाला येणारी पोरं विचारतात, “दादा, कमी पैशात वाइड प्राइम कुठली घेऊ?” (म्हणजे जास्त रुंदी मावणारी, झूम न होणारी लेन्स.) तेव्हा मी आधी उलट विचारतो, “तू उभा कुठे राहतोस?” लेन्स कंपनी बघून नंतर ठरवायची, आधी खोली बघून ठरवायची.

सुरुवातीला माझ्याकडे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम) आणि ५० एमएम एफ १.८ एवढंच होतं. एका बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या आणि बाळ पाळण्याच्या वरून, खालून, या हातातून त्या हातात जायला लागलं. माझी पाठ भिंतीला टेकलेली. कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ८० सारखी, अरुंद. देणारी दिसत होती तर घेणारी नाही. किट लेन्स चढवेपर्यंत आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलंसुद्धा. अल्बम दाखवायला गेलो तेव्हा बाळाच्या आईने पानं दोनदा मागेपुढे केली आणि “नाव ठेवतानाचा नाही का?” एवढंच विचारलं. तो प्रश्न मला अजून लागून राहिलाय. त्या एका फोटोसाठीच मी पुढे वाइड प्राइम घेतली.

तुम्ही घेणार असाल तर पहिलं काम फुकटात होतं. किट लेन्सने काढलेले तुमचे मागच्या तीन-चार कार्यक्रमांचे फोटो उघडा. विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू करून फोकल लेंथचा (लेन्सच्या एमएमचा; आकडा लहान तेवढी रुंदी जास्त) कॉलम लावला की त्याप्रमाणे फोटो लावून घेता येतात. नुसती संख्या बघू नका, अल्बममध्ये गेलेले फोटो कुठल्या आकड्यावरचे आहेत ते बघा. माझे २२ ते २८ च्या मध्ये सापडले. १८ वर काढलेले भरपूर होते, पण त्यात मंडप, रांगोळी, जेवणाची पंगत, माणसांचे थोडे. मग झूमची रिंग २४ वर आणून चिकटपट्टी लावली आणि घरच्याच एका साखरपुड्यात दिवसभर तसंच काम केलं. संध्याकाळपर्यंत पाय आपोआप पुढेमागे व्हायला लागले. हे केल्याशिवाय पैसे घालू नका. दिवसभरात पन्नास वेळा पट्टी काढावीशी वाटली, तर तुम्हाला प्राइम नाही, झूमच हवी आहे.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ एमएम रुंद असतो, कॅनन क्रॉपचा साधारण २२, निकॉन, सोनीचा साधारण २३.५. म्हणजे क्रॉप बॉडीवर २४ एमएम लावली की तुम्ही जितके लांब, जवळजवळ तितकीच रुंदी आडव्या फ्रेममध्ये मावते. आठ फुटांवरून साडेसात-आठ फूट, म्हणजे खांद्याला खांदा लावून पाच माणसं. पाळणा आणि दोन्हीकडच्या बायका त्यात आरामात येतात. क्रॉपवर १६ लावली तर त्याच आठ फुटांवरून अकरा-बारा फूट मिळतात. खोली सगळी येते, पण माणसं लहान होतात आणि कडेची ताणली जातात. माझं मत पक्कं आहे: माणसांच्या कार्यक्रमाला फुल फ्रेमच्या हिशेबात २८ ते ३८ च्या मधलं काहीतरी घ्या. २४ पर्यंत ठीक. फुल फ्रेमच्या हिशेबात १६, १४ पडणाऱ्या लेन्स देवळाच्या सभामंडपाला शोभतात, मावशीच्या चेहऱ्याला नाही.

आता अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं. किट लेन्स २४ वर साधारण एफ ४ देते. एफ २.८ म्हणजे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड; आयएसओ (जितका जास्त तितका फोटो दाणेदार) ६४०० चं काम ३२०० वर. एवढ्यासाठी पैसे घालायचे का, असं वाटेल. हॉलमध्ये पांढरं छत असतं, तिथे फ्लॅश वर मारून उजेड खाली आणता येतो. कौलारू घरात फ्लॅश वर मारला की तो वाशांत आणि काळपट कौलांत जिरतो, परत काही येत नाही. तिथे लेन्सच उजेड देणार. एफ १.८ ने २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड मिळतो. पालखी नाचवतानाचे रात्रीचे फोटो हे तुमचं मुख्य काम असेल तर १.८ किंवा १.४ साठी थांबा आणि पैसे साठवा, कारण तिथे शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू ठेवता येत नाही. बारसं, आरती, साखरपुडा यांत माणसं जागेवर असतात, १/१०० चालतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिव्यांखाली १/१०० हेच शटर बरं पडतं; त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत आडवे पट्टे दिसू शकतात. आणि वाइड लेन्सवर २.८ इतकं उघडं ठेवूनही फोकस सांभाळतो: क्रॉपवर २४ एमएमने दोन मीटरवर फोकस केला तर साधारण १.७ ते २.४ मीटरपर्यंतची माणसं नीट येतात. पुढची बसलेली, मागची उभी, दोन रांगा निघतात.

मी घेतली ती कॅनन ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम, जुनी. २०१४ साली आलेली, वजन १२५ ग्रॅम, बिस्किटासारखी चपटी. १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे ताटातली अंगठी, मेंदीचा हात, बाळाची मूठ याच लेन्सवर होते, बदलावी लागत नाही. छोटी असल्याचा फायदा मला आधी कळला नव्हता. मोठी लेन्स दिसली की बायका पदर सावरून ताठ बसतात; हिच्यासमोर बोलत राहतात. उणीव सांगायची तर स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सांभाळणारी सोय) नाही. आणि ती फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. पुढे तिकडे जायचं ठरलं असेल तर आत्ताच विचार करा.

कॅननच्या आर सिरीजची क्रॉप बॉडी असेल तर आरएफ १६ एमएम एफ २.८ (२०२१) ही फुल फ्रेमच्या पावणेसव्वीससारखी पडते, वजन १६५ ग्रॅम. फुल फ्रेम आर असेल तर मात्र ती सोडा आणि आरएफ २८ एमएम एफ २.८ घ्या, १२० ग्रॅमची.

निकॉनवाल्यांनी जपून. ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (निकॉनच्या क्रॉपसाठीची) लेन्स छान आहे, स्वस्त आहे, पण क्रॉपवर ती ५२ होते. तिला वाइड समजून घेऊ नका. जुनी २४ एमएम एफ २.८ डी दिसली तर आधी स्वतःची बॉडी बघा. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यावर ही लेन्स ऑटोफोकस करणारच नाही. डी ७२००, डी ७५०० वर करते. झेड मालिकेच्या क्रॉप बॉडीला २०२३ ची झेड डीएक्स २४ एमएम एफ १.७ आहे, फक्त १३५ ग्रॅम, आणि आज कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर मी हीच सुचवतो. सोनीच्या क्रॉपवर सिग्मा १६ एमएम एफ १.४ उजेडाला जबरदस्त, पण ४०५ ग्रॅम. छोट्या बॉडीवर पुढे जड लागते.

सेकंड हँड घेताना कोकणात सगळ्यात मोठी भीती फंगसची. दुकानाच्या उजेडात ती दिसत नाही. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलची बॅटरी लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे ठिपके सुटे असतात, त्यांनी काही बिघडत नाही. फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी, फांद्या फुटलेली दिसते. ती दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. माझ्या पहिल्या सौद्यात विक्रेत्याने “पुसलं की जातं” म्हणून सांगितलं होतं. फंगस आतल्या काचेवर होती, लेन्स खोलून साफ केली तरी काचेच्या कोटिंगवर डाग राहिला आणि दिव्यासमोर फोटो धुरकट यायला लागले.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान लावा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर सरळ धरा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून पाच फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच. पण डावीकडची अक्षरं वाचता येतात आणि उजवीकडची नाहीत, असं असेल तर आतली काच सरकलेली आहे. पाचही फोटोंत फोकस सारखा आला पाहिजे. घरी आणल्यावर पावसाळाभर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा. बॅगेत ठेवू नका.

वापरताना दोन गोष्टी. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरा. वर-खाली कलला की माजघराचे खांब आत झुकलेले दिसतात. आणि फ्रेमच्या दोन्ही कडांपासून हातभर जागा मोकळी सोडा, कारण ताणलं जातं ते तिथलंच. ग्रुप फोटोत आजी-आजोबांच्या खुर्च्या मी स्वतः उचलून मधोमध आणतो, आणि कडेला उंच, सडपातळ पोरांना उभं करतो.