रीडायरेक्ट आणि पॉपअप : साइट चालवताना या चुका टाळा

साइटवर काय गोंधळ चाललाय हे सगळ्यात शेवटी कळतं ते साइटच्या मालकाला. तो कायम लॉगिन असतो, पॉपअप त्याने कधीच बंद करून टाकलेला असतो, पानं कॅशेमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून, पटापट उघडतात. मग कुणी सांगितलं की लिंक दाबली की भलतीच साइट उघडते, तर आपलं ठरलेलं उत्तर, "माझ्याकडे तर नीट चालतंय." मीही एकदा असंच उत्तर दिलं होतं आणि बिचारा वाचक बरोबर होता.

कारण साइट हॅक झाली असेल तर घुसवलेला कोड बऱ्याचदा मुद्दामच असा असतो की गूगलवरून, मोबाइलवर, पहिल्यांदा आलेल्या माणसालाच पळवायचं, अ‍ॅडमिनला काही दिसूच द्यायचं नाही. म्हणून तपासताना आधी लॉगआउट व्हा, फोनवर इनकॉग्निटो उघडा, वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावा आणि पत्ता टाइप न करता गूगलमध्ये शोधून तिथून क्लिक करा. भलतीकडे गेलं तर एचटीअ‍ॅक्सेस फाइल (सर्व्हरला सूचना देणारी फाइल), थीमची हेडर फाइल, नवीन टाकलेले प्लगिन आणि अ‍ॅडमिन युजर्सची यादी बघा, त्यात अनोळखी नाव असेल तर समजून जा. पेड थीमची फुकट क्रॅक कॉपी टाकली असेल तर पहिला संशय तिच्यावरच. फाइली स्वच्छ निघाल्या तर जाहिरातींचे कोड एकेक करून बंद करून बघा, कधीकधी खराब जाहिरातच पान पळवून नेते.

आता आपणच लावलेले रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं. त्याचे कोड असतात : ३०१ म्हणजे कायमचं, ३०२ म्हणजे तात्पुरतं, एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो हे विसरलं जातं, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर ३०१ लावला आणि नंतर सर्व्हरवर दुरुस्त केला तरी आधी येऊन गेलेले लोक जुन्याच चुकीच्या जागी जात राहतात. आधी ३०२ लावून तपासा, मग ३०१ करा. आणि जुनी सगळी पानं सरसकट होमपेजवर ढकलू नका हो, माणूस एक विशिष्ट लेख शोधत आलेला असतो, आणि गूगलही असं पान सापडलंच नाही असं धरू शकतं. जुन्या पानाचं जे नवीन पान आहे तिथेच पाठवा, आणि हे रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढू नका.

साखळीही टाळा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवीन पत्ता, नेट स्लो असेल तर प्रत्येक उडी जाणवते. थेट एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर न्या. "टू मेनी रीडायरेक्ट्स" आलं तर लूप आहे, आणि क्लाउडफ्लेअर (वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा) वापरत असाल तर तिथलं एसएसएलचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, सेटिंग फ्लेक्सिबलवर आहे का ते आधी बघा : तसं असेल तर क्लाउडफ्लेअर सर्व्हरकडे एचटीटीपीने जातं, सर्व्हर एचटीटीपीएसकडे परत पाठवतो, असं फिरतच राहतं. सर्व्हरवर सर्टिफिकेट टाका आणि ते सेटिंग फुल स्ट्रिक्ट करा.

जाहिरातींबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. मजकूर झाकणाऱ्या पॉपअपमुळे मोबाइल सर्चमध्ये पान खाली जाऊ शकतं, हे गूगलने १० जानेवारी २०१७ पासून लागू केलंय (कुकीची परवानगी, वयाची खात्री, लॉगिन यांना सूट आहे). क्रोम तर सतत त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती बंद करतो, २०१८ मध्ये काही देशांत सुरू झालं आणि ९ जुलै २०१९ पासून जगभर. आपोआप आवाजासकट वाजणारे व्हिडिओ, काउंटडाउन लावून थांबवणाऱ्या जाहिराती, मोबाइलवर मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त उंची खाणाऱ्या जाहिराती, हे सगळं त्यात येतं.

अजून एक, जाहिरात उशिरा लोड होते आणि वाचत असलेली ओळ खाली सरकते, बोट पडतं ते नेमकं जाहिरातीवर. त्या जागेला सीएसएसमध्ये आधीच उंची देऊन ठेवा, सीएलएस (पान लोड होताना मजकूर किती सरकतो याचं माप) ०.१ च्या आत आलं पाहिजे. आणि एखादा जाहिरातीचा कोड बॅक बटण अडवत असेल, दाबलं की जाहिरातीचंच पान येत असेल, तर त्याचे कितीही पैसे येत असू देत, तो कोड आजच काढा.