जर्मनीतला रविवार खायला उठायचा, त्यावर मी काय केलं

एक्स्चेंज सेमिस्टरला जर्मनीत होते तेव्हा माझा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम अभ्यास नव्हता, रविवार होता. सुपरमार्केटसकट जवळपास सगळी दुकानं बंद, उघडी म्हणजे स्टेशनवरची नाहीतर पेट्रोल पंपावरची. आणि हे आजचं नाहीये, जर्मनीच्या 1919 च्या जुन्या राज्यघटनेतलं, म्हणजे वायमार संविधानातलं, कलम 139 रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण देतं आणि आत्ताच्या राज्यघटनेनेही कलम 140 मधून ते तसंच ठेवलंय. रस्ते सामसूम, फ्लॅटमेट आपापल्या खोलीत आणि मी दिवसभर फोनला चिकटलेली, फार एकटं वाटायचं खरंच.

सकाळी मेसेज टाकला की आज भेटूया का, तर उत्तर ठरलेलं, आधीच प्लॅन आहे. शेवटी वर्गातल्या एकीला सरळ विचारलं तर ती म्हणाली आम्ही बरेच दिवस आधी ठरवतो. मग मी मंगळवार-बुधवारीच दिवस, वेळ, जागा सगळं सांगून विचारायला लागले, आणि लोक यायला लागले, तेही अगदी वेळेवर!

पण खरा फरक पडला तो युनिव्हर्सिटीच्या टँडेम प्रोग्रॅमने. भाषेच्या सरावासाठी तिथल्या कुणाशी तरी जोडी लावून देतात, अर्धा वेळ त्यांची भाषा अर्धा वेळ आपली, भेट ठरलेली असते त्यामुळे दरवेळी विचारायचं टेन्शन नाही, आणि माझ्या पार्टनरमुळे तिच्या मैत्रिणीही ओळखीच्या झाल्या. सेमिस्टर सुरू होतानाच नाव द्या, स्पोर्ट्स कोर्सचंही तेव्हाच बघा, चांगले कोर्स पटकन भरतात. किराणा मात्र शनिवारीच आणून ठेवा.