पेरणीच्या घाईत औजार उचलून ट्रॅक्टर नेताना

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे रान कामाजोगं ओलं झालं, की एका रोटाव्हेटरची (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या औजाराची) दहा जण वाट बघत असतात. चालक दिवसभर या रानातून त्या रानात पळतो आणि मध्ये बांध, ओढा, उभ्या चढाची पाणंद लागते. औजार जमिनीत असतं तेव्हा ट्रॅक्टर बसून चालतो. जपायचं ते औजार उचलून जाताना.

रोटाव्हेटर किंवा पल्टी नांगर हायड्रॉलिकवर उचलला की सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. सपाटीलाच स्टेअरिंग हलकं लागत असेल, तर चढावर तोंड उचलणार हे ओळखा. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार हवा. त्यासाठी पुढे वजनाच्या प्लेटा लावा आणि औजार जमिनीला घासणार नाही एवढंच उचला. वजनासाठी बोनेटवर माणूस बसवू नका, कृपा करा.

चढ फारच उभा असेल आणि दुसरी वाट नसेल, तर रिव्हर्समध्ये वर जा, म्हणजे जड बाजू चढाकडे राहते. उतरताना तोंड खाली. गिअर माथ्यावरच कमी करा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की इंजिनाची पकड सुटते आणि औजारासकट सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. रस्त्याला लागण्याआधी डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या.

काळ्या रानात चाकं रुतली की त्यांना लाकूड बांधून क्लच झटक्यात सोडणारे मी पाहिलेत. हे सगळ्यात वाईट. चाक अडकून फिरेनासं होतं, मग इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलते. पाऊण सेकंदात तोंड इतकं वर जातं की मागे उलटणं थांबत नाही, तेवढ्यात पाय क्लचवर जात नाही. चाकापुढची-मागची माती उकरा आणि आल्या चाकोरीतूनच मागे निघा. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं तर साखळी त्याच्या ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढपट्टीलाच) लावा, टॉप लिंकच्या (औजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीच नाही.

ओल्या काठाचा भरवसा नसतो. ओढा जितका खोल, निदान तितकं अंतर काठापासून सोडा. विहिरीपासून त्याहून लांब राहा. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि ७ जणी गेल्या. चालकाशिवाय कुणालाही ट्रॅक्टरवर बसवू नका, मडगार्डवरही नाही.

परक्या रानात कामाला गेलात तर आधी मालकाला सोबत घेऊन पायी एक फेरी मारा. कठडा नसलेली विहीर, गवतानं झाकलेला चर, मागच्या पावसात खचलेला बांध त्यालाच माहीत असतो. तिथं काठी रोवून फडकं बांधा, मगच ट्रॅक्टर आत घाला.